चोविसावी प्लेट

शनिवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास मी एका शब्दाचं खोटं बोललो. तसा मी खोटं न बोलणारा माणूस नाही. ऑफिसात 'पाच मिनिटांत येतो' म्हणतो, मुलीला फोनवर 'जेवलो' म्हणतो, तीन वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा जो कुणी विचारायचा त्याला 'ठीक आहे' म्हणत होतो. असलं खोटं सगळेच बोलतात आणि ऐकणाराही ते धरून चालतो. शनिवारचं तसं नव्हतं. दारात ग्रँट उभा होता, शेजारच्या मिसेस पास्कोंचा पुतण्या, बाहेरगावी शेती करणारा. उन्हाने लाल झालेली मान, धुळीने भरलेले बूट, हातात फोन. 'सॉरी टु बॉदर यू, मेट,' म्हणत त्याने फोन माझ्यापुढे धरला. त्यावर एका प्लेटचा फोटो होता. मधोमध निळी ढाल, ढालीवर तीन शिंपले, ढालीच्या डोक्यावर एक कुत्रा. शेजारचं घर रिकामं करायला काढलंय, जुना डिनर सेट बघायला बुधवारी लिलाववाल्या बाई येणार आहेत, प्लेट्स चोवीस असायला हव्यात आणि तेवीसच सापडतायत, असं त्याने भराभर सांगितलं. 'आन्टी बेरिल म्हणते, चोविसावी तुझ्याकडे आहे. ख्रिसमसच्या आधी केक घालून दिली म्हणते. अगदी ठामपणे सांगते.' प्लेट माझ्याकडेच होती. आम्ही उभे होतो तिथून दहाबारा पावलांवर, स्वयंपाकघरात, मायक्रोवेव्हच्या वरच्या कप्प्यात, दोन टॉवेलांच्या मधे. 'नो,' मी म्हणालो. 'सॉरी.'

त्याने माझ्यावर संशय घेतला असता तर फार बरं झालं असतं. मी चिडलो असतो, आत गेलो असतो, प्लेट आणून त्याच्या हातात आपटली असती. पण त्याच्या चेहऱ्यावर उलट सुटल्यासारखं दिसलं. 'मला वाटलंच होतं,' तो म्हणाला. 'हल्ली जरा घोळ घालते ती. हिप मोडल्यापासून तर जास्तच. मंगळवारी तिची मेमरीची तपासणी आहे, त्यांना हेही सांगता येईल. त्यावर ठरेल सगळं, घराचं वगैरे.' मग त्याने स्वतःचं कार्ड दिलं, चुकून कुठे दिसलीच तर कळव म्हणाला, 'नो वरीज' म्हणाला आणि शेजारच्या ड्राइव्हवेवर उभ्या असलेल्या ट्रेलरकडे गेला. मी दार लावलं. दाराला पाठ लावून बराच वेळ उभा राहिलो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पाण्याच्या पाइपलाइनींच्या डिझाइनवर सह्या करणारा इंजिनियर, आणि एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला खुळ्यात काढून मोकळा झालो होतो.

'नाही' का म्हणालो, याचं उत्तर मला त्याच क्षणी ठाऊक होतं आणि म्हणूनच ते सांगता आलं नाही. चार महिने प्लेट ठेवून का घेतली, असं त्याने विचारलं असतं. खरं कारण एवढंच की आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीने वाटीत आमटी दिली तर वाटी जाताना तिच्यात काहीतरी जातं, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. हे मला कुणी शिकवलं असं आठवत नाही, श्वास घ्यायला कुठे कुणी शिकवतं. पण ग्रँटला हे सांगायचं म्हणजे 'इन अवर कल्चर' अशी सुरुवात करायची. दिवाळीला ऑफिसात मॉर्निंग टी असतो तेव्हा मी तसं बोलतो आणि बोलताना माझा मलाच राग येतो. अडीचशे वर्षांची, फोटो काढून यादीत घातलेली, लिलाववाल्या बाईंना बोलवावं लागेल अशी वस्तू घरात सापडलेला माणूस दारात उभा राहून म्हणतोय की इन अवर कल्चर. मलाच ते चोराचं कारण वाटलं. आणि मग ते 'नो' माझ्या तोंडून निघून गेलेलं होतं, मी ठरवण्याआधीच.

प्लेट आली त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. डिसेंबर होता, ऊन होतं, दार वाजलं आणि बेरिलबाई उभ्या होत्या. (त्यांनी पहिल्याच भेटीत 'कॉल मी बेरिल' सांगितलं होतं. वयाने आईएवढ्या बाईला नुसतं नावाने हाक मारणं मला जमेना, तेव्हा तोंडावर मिसेस पास्को आणि मनात बेरिलबाई अशी मी सोय करून घेतली होती.) जर्दाळूचा केक होता, त्यांच्या मागच्या झाडाचे जर्दाळू. 'प्लेट सांभाळ, तुझ्यामाझ्यापेक्षा म्हातारी आहे,' म्हणाल्या आणि गेल्या. त्या प्लेट्सविषयी मी आधी ऐकलं होतं. आमच्या घरांच्या मधे मागच्या बाजूला बेताच्या उंचीचं कुंपण आहे, संध्याकाळी झाडांना पाणी घालताना त्यावरून बोलणं व्हायचं. मॉसन लेक्सला, ॲडलेडच्या या उपनगरात, सगळी घरं वीसबावीस वर्षांची, माणसं त्याहून नवीन, निम्मी विद्यार्थी. त्यात या बाई नवरा गेल्यावर यॉर्क पेनिन्सुलावरचं शेत विकून आल्या होत्या आणि सोबत खोक्यात भरून हा डिनर सेट आणला होता. नवऱ्याचा कुणी खापरपणजोबा जहाजावर कप्तान होता. त्याने आपल्या घराण्याचं चिन्ह कागदावर काढून चीनला पाठवलं, कँटनला. तिथल्या रंगाऱ्याने ते बघून बघून चोवीस प्लेट्सवर रंगवलं. जायला यायला मिळून दोन वर्षं लागली. कुत्रा मात्र कुत्र्यासारखा दिसत नाही, डोळे वटारलेल्या सिंहासारखा दिसतो, कारण तसला शिकारी कुत्रा त्या माणसाने जन्मात पाहिला नव्हता. आणि कप्तानाच्या कागदावर ढालीच्या खाली शाईचा थेंब सांडला होता, शेपटीसकट. रंगाऱ्याने तोही रंगवला. चोवीसच्या चोवीस प्लेट्सवर, त्याच जागी, तितक्याच मापाचा, तितकंच मन लावून. 'आम्ही त्याला माशी म्हणतो,' बेरिलबाई म्हणाल्या होत्या. 'घरात नवीन आलेला प्रत्येक माणूस एकदा तरी ती हाताने हाकलतो. मीसुद्धा हाकलली होती, लग्नानंतर पहिल्या रविवारी. सगळे हसले, मी रडले.'

केक मी तीन दिवसांत खाल्ला आणि चौथ्या दिवशी प्लेट धुताना नीट पाहिली. पांढरी म्हणायची पण किंचित निळसर झाक असलेली, कडेला बारीक सोनेरी रेघ, ती जागोजागी पुसट झालेली. नखाने हळूच वाजवली तर नाद बराच वेळ राहिला. मला त्या चिन्हाचं नवल वाटलं नाही, मला ते घरचंच वाटलं. भांड्यावर नाव घातलं होतं, दुसरं काय. आमच्या लग्नात आलेल्या प्रत्येक स्टीलच्या भांड्यावर नाव होतं. भांड्यांच्या दुकानात एक माणूस विजेची पेन्सिल घेऊन बसायचा आणि टर्रर्र आवाज करत ठिपक्या-ठिपक्यांनी लिहायचा, 'चि. सौ. कां. विनीता हिस शांतामावशीकडून', खाली तारीख. त्यातले सहा डबे विनीताने ऑस्ट्रेलियाला आणले. वजन जास्त होतंय म्हणून मी विमानतळावर कुरकुरलो, तेव्हा तिने माझे दोन स्वेटर काढून भावाच्या हातात दिले आणि डबे ठेवले. नाव घातलेलं भांडं हरवत नाही, असं ती म्हणायची. पोहेसुद्धा भरून एखाद्याकडे पाठवले तर आठवड्यात डबा परत यायचा, कारण नाव बघून समोरच्याला चैन पडायचं नाही. आणि येताना त्यात काहीतरी असायचं. आमच्या या गल्लीत तिने हे सुरू केलं होतं. डाव्या बाजूच्या फिलिपिनो कुटुंबाला तिने वर्षभरात शिकवलं, तेही न बोलता. मी नुसता डबे इकडून तिकडे पोहोचवत असे. भरायचं काय ते ती बघायची.

तर प्लेट भरायची होती आणि भरणारी नव्हती. नाताळच्या सुटीत मी बेसन भाजायला घेतलं. किती वेळ भाजायचं ते फोनवर बघत होतो आणि फोन बघता बघता ते करपलं. घरभर वास. दुसऱ्यांदा केलं ते कच्चं राहिलं, लाडू वळले पण ताटात ठेवले की पसरायचे. जानेवारीत इंडियन स्टोअरमधून काजूकतलीचा खोका आणला, प्लेटमध्ये मांडून पाहिला, नीट ढालीभोवती गोल करून. छान दिसत होतं. मग वाटलं की त्या बाईने स्वतःच्या झाडाचे जर्दाळू स्वतः चिरून केक केला आणि मी काय, दुकानातल्या वड्या लावून देतो. विनीता काही बोलली नसती, नुसतं पाहिलं असतं. त्या वड्या मी आठवडाभर रात्री टीव्हीसमोर खाल्ल्या. मग फेब्रुवारीत उन्हाळा असा पेटला की पाय बाहेर घालवेना. आणि एव्हाना दोन महिने झाले होते, दोन महिन्यांनी जायचं तर लाडूंवर भागणार नव्हतं, काहीतरी मोठं करायला हवं होतं. मुलीला, तनयाला, मी एकदा मेलबर्नला फोनवर हे सांगितलं. ती हसली. 'बाबा, इट्स अ प्लेट. जस्ट गिव्ह इट बॅक.' मी म्हटलं, 'अगं, रिकामी कशी देऊ?' ती म्हणाली, 'एम्प्टी इज फाइन! इकडे सगळे तसंच देतात. शी प्रॉबब्ली वॉन्ट्स हर प्लेट.' तिचं बरोबर होतं. तिचं बरोबर असतं तेव्हा मी विषय बदलतो.

बेरिलबाई मात्र या काळात एकदाही प्लेटचं बोलल्या नाहीत. कुंपणापाशी मीच कमी जायला लागलो. त्या पाणी घालायला आल्या की मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचो आणि त्या आत गेल्या की बाहेर यायचो. एकदा त्यांनी कुंपणावरून हाक मारली, 'अवधूत?' माझं नाव त्या नीट म्हणायच्या. पहिल्या आठवड्यातच त्यांनी ते लिहून घेतलं होतं आणि पाठ केलं होतं, ऑफिसातल्या लोकांना बारा वर्षांत जमलं नव्हतं ते. मी आत होतो, ऐकलं, आणि गप्प बसलो. त्या थोडा वेळ थांबल्या. मग नळ बंद केल्याचा आवाज आला. मार्चमध्ये एका सकाळी मी ऑफिसला निघालो तर त्यांच्या दारात अँब्युलन्स उभी होती आणि स्ट्रेचरवरून त्यांनी मला हात केला, जणू बाजारालाच निघाल्यात. हॉस्पिटल, मग मोडबरीचं केअर होम. गाडीने पंधरा मिनिटं. मी गेलो नाही. जायचं तर प्लेट न्यायला हवी होती.

शनिवारची दुपार मी घरात फेऱ्या मारत काढली. शेजारून ट्रेलरमध्ये काहीबाही टाकल्याचे आवाज येत होते. मला सारखं ते दृश्य दिसत होतं, ग्रँट मोडबरीला पलंगाशेजारच्या खुर्चीत बसलाय आणि मोठ्या आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं सांगतोय, 'मी विचारून आलो, त्याच्याकडे नाहीये, आन्टी बेरिल.' आणि त्या म्हणतायत, आहे. आणि तो म्हणतोय, नाहीये. मग तो ते नर्सला सांगणार, नर्स ते फाइलमध्ये लिहिणार, मंगळवारी तपासणीला येणारे फाइल वाचून आपल्या कागदावर उतरवणार, तिथून ते डॉक्टरकडे जाणार. कुणाचंच काही चुकणार नाही. समोर जे लिहिलंय ते जसंच्या तसं, मन लावून उतरवायचं. कँटनच्या रंगाऱ्यासारखं. थेंब मी सांडला होता.

रविवारी तनयाचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. ती मग म्हणाली, 'वेट, तू नाही असं का म्हणालास?' मी म्हटलं, 'तोंडातून निघून गेलं.' 'सो कॉल हिम. आत्ता. कार्ड आहे ना?' 'आहे.' 'बाबा, दे आर गोइंग टु टेक हर हाउस.' मी म्हटलं, 'हो, कळतंय मला.' 'मग?' या 'मग'ला मी 'करतो' म्हणालो. ती म्हणाली, 'प्रॉमिस?' आणि मी, 'तू जेवलीस का?' विचारलं. आई असती तर तिला खरं काय ते आईने सांगितलं असतं, मी काय सांगणार. खरं असं की लाडू, काजूकतली, उन्हाळा, ही सगळी मी माझी काढलेली समजूत होती. प्लेट मला परत करायचीच नव्हती. विनीता गेल्यावर पहिल्या महिन्यात डबे आले, फुलं आली, ती सगळी तिच्यासाठी होती. त्यानंतर तीन वर्षांत माझ्यासाठी म्हणून, मी एकटा राहतो आणि मला गोड आवडत असेल असं वाटून, कुणी काही घेऊन दारात आलं नव्हतं. प्लेट घरात होती तोवर कुणाचं तरी माझ्याकडे काहीतरी बाकी होतं. ती दिली की संपलं. संध्याकाळी मी ती कधीकधी नुसती टेबलावर ठेवायचो, रिकामी, आणि समोर बसून जेवायचो. हे ग्रँटला सांगता येण्यासारखं नव्हतं, लेकीलाही नाही. मला स्वतःलाही रविवारीच कळलं.

सोमवारी ऑफिसात मी ग्रँटला मेसेज लिहिला. 'हाय ग्रँट, प्लेट सापडली' असा. सापडली हे पुन्हा खोटं होतं, म्हणून खोडलं. 'प्लेट माझ्याकडे आहे, तेव्हा माझा गोंधळ झाला' असा लिहिला. गोंधळ झाला नव्हता. तो खोडला. शेवटी 'मी खोटं बोललो' एवढंच इंग्रजीत लिहिलं आणि पाहत बसलो. स्क्रीनवर ते फार उघडंबोडकं दिसत होतं. शेजारच्या टेबलावरचा शैलेंद्र नागपूरचा, दर सोमवारी विचारतो तसं त्याने विचारलं, 'काय मग, वीकेंड कसा गेला?' मी म्हटलं, 'ठीक.' तो त्याच्या मुलाच्या फूटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, मॅचचं सांगत राहिला आणि मी मान हलवत राहिलो. पाच वाजले. मेसेज तसाच राहिला. मी स्वतःला समजावलं की असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात, आपण उद्या प्रत्यक्षच जाऊ, तपासणी सुरू व्हायच्या आधी, आणि त्यांच्यासमोरच सांगू. भित्र्या माणसाला पुढे ढकलण्यासाठी नेहमी एखादं उदात्त कारण सापडतं.

मंगळवारी मी रजा टाकली. प्लेट टॉवेलात गुंडाळून लॅपटॉपच्या बॅगेत घातली, रिकामीच, आणि गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून तिला सीटबेल्ट लावला. माँटेग्यू रोडवर सकाळचा ट्रॅफिक होता. प्रत्येक सिग्नलला मी वाक्यं जुळवत होतो. केअर होमच्या रिसेप्शनवर नाव लिहून घेतलं, 'रिलेशनशिप' असा रकाना होता तिथे मी 'नेबर' लिहिलं. खोली बागेच्या बाजूला होती. बेरिलबाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, केस विंचरलेले, लिपस्टिक लावलेली, अंगावर चांगला कार्डिगन. बारीक झाल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला मागच्या मागे पळून जावंसं वाटलं. 'अवधूत!' त्या म्हणाल्या. 'मंगळवारी? ऑफिस नाही का? तनया कशी आहे? तिचं ते कोर्टातलं काम लागलं का?' मी आठवायला लागलो की हे मी त्यांना कधी सांगितलं होतं. वर्ष होऊन गेलं असेल. मी म्हटलं, 'लागलं.' मग बॅग उघडली, टॉवेल सोडला आणि प्लेट त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी बोटाने कडेची सोनेरी रेघ चाचपली. 'कुठे मिळाली तुला?' त्यांनी विचारलं.

'माझ्याकडेच होती. तुम्ही मला दिली होती. डिसेंबरमध्ये.'

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मला कळेना काय चुकतंय. 'नाही रे,' त्या म्हणाल्या. 'ते माझं चुकलं. ग्रँट तुला विचारून आला. मी त्याच्याशी दोन दिवस भांडले, मग विचार केला. सेटमधली हरवली असेल कुठेतरी खोक्यांत. तुला कशी सापडली? ग्रँटने घर उघडून दिलं का?'

'मिसेस पास्को, ग्रँटला मी खोटं सांगितलं. प्लेट माझ्या घरात होती. तुम्ही केक घेऊन आला होतात.'

'हो ना,' त्या म्हणाल्या, 'तेच तर. मला ते इतकं स्पष्ट दिसतं. तू दार उघडलंस तेव्हा तुझ्या कानाखाली दाढीचा फेस राहिला होता. सांगावंसं वाटलं, पण म्हटलं तुला अवघडल्यासारखं होईल. आत रेडिओवर क्रिकेट लागलं होतं. कुणीतरी आउट झालं आणि तू तुझ्या भाषेत काहीतरी बोललास, मग माझी माफी मागितलीस. एका पायात चप्पल होती.' त्या हसल्या. 'बघ, डोकं काय काय रचतं. चप्पलसुद्धा.'

यातलं काहीच मला आठवत नव्हतं आणि त्यांनी सांगता क्षणी सगळं आठवलं. फेस, रेडिओ, दुसरी चप्पल सोफ्याखाली गेली होती ती. ॲडलेडच्या मॅचचा तिसरा दिवस. मी खुर्चीवरून पुढे सरकलो, त्यांचा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता. 'हे सगळं झालं होतं,' मी म्हटलं. 'तुम्हाला सगळं बरोबर आठवतंय. माझ्यापेक्षा जास्त. मी खोटं बोललो, मला लाज वाटली, आम्ही भांडं रिकामं परत देत नाही आणि मला काही करता येईना, आणि मग उशीर झाला.' बोलता बोलता माझा आवाज चढला. त्यांनी दुसरा हात माझ्या हातावर ठेवला आणि थोपटलं.

'तू फार चांगला आहेस,' त्या म्हणाल्या. 'पण माझ्यासाठी असं करू नकोस. ग्रँट असता तर मी म्हटलं असतं की हा लबाडी करतोय, घराच्या पायी. मी बराच वेळ तसंच म्हणत होते. पण प्लेट नाही, असं तू म्हणालास. तू कशाला खोटं बोलशील? तुझ्यासारखा माणूस.' मग हळू आवाजात, मला समजावल्यासारखं म्हणाल्या, 'दोघांपैकी कुणाचं तरी चुकतंय. तुझं असेल यापेक्षा माझं असेल हे मला पटलं. एकदा पटलं की तेवढं काही भीतीचं वाटत नाही.'

मी ग्रँटला फोन लावला. तिथेच, त्यांच्यासमोर. लागला नाही, शेतावर रेंज नसेल. मी निरोप ठेवला, मी खोटं बोललो, प्लेट माझ्याकडे होती, बेरिलला सगळं बरोबर आठवतं, असा. त्यांचं नुसतं नाव मी पहिल्यांदाच उच्चारलं हे मला फोन ठेवल्यावर कळलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, ओशाळल्यासारख्या, आपल्यामुळे या माणसाला किती त्रास होतोय अशा. तेवढ्यात दार वाजलं. तपासणीवाल्या बाई आत आल्या, तरुण होत्या, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. मी उठून त्यांनाही सांगितलं, घाईघाईत, सगळं उलटसुलट. त्यांनी मांडीवरची प्लेट पाहिली, माझ्याकडे पाहिलं, मान तिरकी करून ऐकलं. 'दॅट्स रिअली काइंड ऑफ यू,' त्या म्हणाल्या. मी म्हटलं, 'काइंडनेस नाही हो, खरं आहे.' 'ऑफ कोर्स,' त्या म्हणाल्या. 'पण आत्ता त्यांनी एकट्याने बोललेलं बरं. तुम्ही बाहेर बसता का थोडा वेळ? मी नंतर तुमच्याशी बोलेन.' बेरिलबाईंनी प्लेट उचलून माझ्या हातात दिली, पाडेन अशी भीती वाटते म्हणाल्या.

बाहेर पॅसेजमध्ये एक खुर्ची होती, भिंतीवर एका जहाजाचं चित्र. दार अर्धवट लोटलेलं होतं. आज वार कोणता, त्यांनी सांगितला. तारीख सांगितली. पंतप्रधान कोण ते सांगितलं आणि वर स्वतःचं मतही सांगितलं, दोघी हसल्या. शंभरातून सात वजा करत करत त्या थेट दोनपर्यंत गेल्या, मी मनात त्यांच्याबरोबर करत होतो, एके ठिकाणी मीच चुकलो. यांना काय होणार, मला वाटलं, या तर आपल्या सगळ्यांना पुरून उरतील. मग त्या बाईंचा आवाज जरा खाली आला. 'बेरिल, फाइलमध्ये एका प्लेटचं लिहिलंय. त्याबद्दल काही सांगाल?'

'हो,' बेरिलबाई म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता, शाळेत उत्तर देणाऱ्या मुलीसारखा. 'मी म्हणत होते की ती शेजाऱ्याला दिली. ते खरं नव्हतं. मला अजून ते घडल्यासारखंच वाटतं, पण घडलं नाही. हे तुम्ही लिहून घ्या. तो भला माणूस आहे, त्याला यात ओढू नका.' टॅबलेटवर बोटं वाजल्याचा बारीक आवाज आला. मी उठलो. प्लेट हातात होती, तिला ठेवायला जागा मिळेना, खुर्ची डुगडुगत होती, जमिनीवर ठेवायचा धीर होईना. शेवटी ती छातीशी धरून मी खांद्याने दार ढकललं, तोवर त्या पुढच्या प्रश्नावर गेल्या होत्या.